फणावरचा दाब

सोयाबीन पेरून सात-आठ दिवस झाले की पेरणी कशी झाली ते बांधावर उभे राहूनच कळते. कराड-मलकापूरच्या शिवारात असे कितीतरी प्लॉट दिसतात, ज्यांत बियाणे एकच, खत एकच, पेरणीही एकाच दिवसाची. तरी काही पट्टे भरून आलेले असतात आणि काही विरळ राहिलेले. हे विरळ पट्टे वेडेवाकडे नसतात. ते सरळ रेषेत, जोडीजोडीने जातात. आदल्या हिवाळ्यात याच शेतातून उसाने भरलेल्या ट्रॉल्या बाहेर पडल्या होत्या. त्यांच्या चाकांनी दाबलेली जमीन एका नांगरटीने मोकळी होत नाही. पेरणीयंत्राचा फण त्या पट्ट्यावर आला की वर उचलला जातो, बी वरच्या कोरड्या थरात पडते, आणि मग शेतकरी बियाणे कंपनीला दोष देतो.

बियाण्यात दोष असू शकतो. पण विरळ पट्टा चाकाच्या माग्यावरच येत असेल, तर दोष फणावरच्या दाबात शोधावा लागतो. हा दाब कोण देते, तो शेतभर सारखा का राहत नाही, आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकने तो सारखा ठेवायचा तर काय जुळवावे लागते, हे या प्रकरणात पाहू.

बी किती खोल

सोयाबीनचे बी नाजूक असते. त्याचे टरफल पातळ, आणि उगवताना कोंब दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन जमीन फोडून वर येतो. म्हणून ते तीन-चार सेंटीमीटरपेक्षा फार खोल जाऊ नये. वर एखाद्या सेंटीमीटरवर राहिले तर ओल उडते, पाखरे टिपतात. खाली सहा-सात सेंटीमीटरवर गेले आणि वरून पावसाची सर येऊन पापुद्रा धरला, तर कोंब खालीच मोडतो. चांगल्या आणि वाईट पेरणीत एवढाच, बोटाच्या दोन पेरांचा फरक.

रब्बीत गणित उलटते. शाळू आणि हरभरा ओलीच्या मागे खाली न्यावे लागतात. पाच-सहा सेंटीमीटर, कोरडवाहू रानात त्याहूनही थोडे खाली. म्हणजे एकाच यंत्राने जूनमध्ये उथळ आणि ऑक्टोबरमध्ये खोल पेरायचे, आणि दोन्ही वेळा शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खोली सारखी ठेवायची.

मलकापूरच्या परिसरात हे आणखी अवघड आहे, कारण इथली जमीन एका जातीची नाही. आगाशिवच्या डोंगराकडे जावे तसा मुरूम वर येतो. कोयना आणि कृष्णेच्या काठाला यावे तशी काळी, खोल, चिकट माती लागते. त्यात ऊस हे मुख्य पीक. खोडवा मोडून सोयाबीन, सोयाबीन काढून पुन्हा ऊस किंवा गहू-हरभरा, असा फेर चालतो, आणि प्रत्येक तोडणीला जड वाहने रानात उतरतात. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ यांसारखे सोयाबीनचे वाण दिले, आणि या भागात ते लोकप्रिय झाले. पण वाण कितीही चांगला असला तरी तो योग्य खोलीवर पडला तरच त्याचे गुण दिसतात.

पाभर आणि तिच्यावरचा हात

ट्रॅक्टर येण्याआधी हा दाब माणूस देत असे. पाभरीच्या दिंडात बसवलेले फण, फणाच्या टोकाला लोखंडी फारोळे, वर चाडे, चाड्यातून खाली जाणाऱ्या नळ्या, आणि मागे रुमणे. चाड्यावर मूठ धरणारी बाई बियाणे सोडायची आणि रुमण्यावरचा माणूस तळहाताने जमीन वाचत चालायचा. रान कठीण लागले की तो रुमण्यावर भार टाकी, मऊ लागले की हात सैल सोडी. एवढ्याने भागले नाही तर दिंडावर दगड बांधत. दाब किती हवा हे प्रत्येक पावलाला ठरत होते, कारण ठरवणारा माणूस फणापासून हातभर अंतरावर होता.

या अवजाराची योग्यता परक्यांनाही जाणवली होती. युरोपात पेरणीयंत्राचे श्रेय जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याला देतात. त्याने ते १७०१ च्या सुमारास केले. पण १७९५ मध्ये कॅप्टन थॉमस हालकॉट या अधिकाऱ्याने दक्षिण भारतात शेतकरी नित्याने पाभरीने पेरताना पाहिले, तेव्हा ओळीत पेरणे हा युरोपाचा अलीकडचा शोध आहे ही आपली समजूत चुकीची होती असे त्याने कळवले.

पाभरीच्या रचनेतली आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. फारोळ्याचे टोक पुढे झुकलेले असते. बैल ओढतात तेव्हा त्या कलामुळे फण आपोआप खाली ओढला जातो. आजच्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातले फणही याच तत्त्वावर चालतात. तबकडीचे, म्हणजे डिस्कचे, तसे नसते. गोल फिरणारी तबकडी जमिनीत शिरायला वरून भारच लागतो. भार नसेल तर ती वरून घरंगळत जाते. न नांगरलेल्या रानात, पाचटावर किंवा धसकटांत पेरायला तबकडीची यंत्रे सोयीची, कारण ती कचरा गोळा न करता कापून पुढे जातात. पण त्यांना दाब फार लागतो. कठीण रानात एका ओळीवर शंभर किलोच्याही वर. दाबाचा विषय या यंत्रांमुळेच पुढे आला, आणि पाचट न जाळता शेती करण्याकडे जसजसा कल वाढेल तसतसा तो आपल्याकडेही वाढणार आहे.

लिफ्ट उचलते, दाबत नाही

ट्रॅक्टर आला आणि रुमणे गेले. चालक पुढे तोंड करून बसला, फण त्याच्या पाठीमागे गेले. दाबाचे काम आता हायड्रॉलिक करते, असा बहुतेकांचा समज झाला. तो खरा नाही.

मागच्या तीन सांध्यांच्या जोडणीचे, म्हणजे थ्री पॉइंट लिंकेजचे, श्रेय हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडमधल्या यंत्रज्ञाचे. त्याने १९२० च्या दशकात पेटंटे घेतली, १९३६ मध्ये ही जोडणी बसवलेला ट्रॅक्टर विक्रीला आला आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरमधून ती जगभर पसरली. आपल्या रानातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर आज त्याच जोडणीवर चालतो. तिच्या लिफ्टमध्ये एक सिलिंडर असतो. तेल त्याच्या एकाच बाजूला येते आणि दोन्ही हात वर उचलते. लिव्हर खाली केला की तेलाला परतीची वाट मिळते आणि अवजार स्वतःच्या वजनाने खाली बसते. तेल त्याला खाली ढकलत नाही. लिव्हर कितीही खाली दाबला तरी फणावर एक किलोही भार वाढत नाही.

म्हणजे साध्या पेरणीयंत्राला दाब तीनच ठिकाणांहून मिळू शकतो: यंत्राचे स्वतःचे वजन, फणाच्या टोकाचा कल, आणि फणावर स्प्रिंग असेल तर तिचा जोर. चौथी वाट स्वतंत्र तेलाची. यंत्रावरच सिलिंडर बसवायचे आणि त्यांना ट्रॅक्टरच्या बाहेरच्या हायड्रॉलिक जोडातून पाइपने तेल द्यायचे. पलटी नांगर उलटवायला किंवा डंपिंग ट्रॉली उचलायला आपण जो जोड वापरतो, तोच हा. पण नांगर उलटायला तेल दोन-चार सेकंद लागते. पेरणीयंत्राला ते तासन्‌तास, अखंड लागते. पुढच्या सगळ्या अडचणी या फरकातून निघतात.

ड्राफ्टचा लिव्हर पेरणीसाठी नाही

तेलाच्या स्वतंत्र दाबाकडे जाण्यापूर्वी लिफ्टच्या दोन लिव्हरांविषयी बोलले पाहिजे, कारण पेरणी बिघडण्याचे ते सर्वांत सामान्य कारण आहे आणि ते सुधारायला एक पैसाही लागत नाही.

ड्राफ्ट कंट्रोल अवजारावरची ओढ मोजते. ओढ वाढली, म्हणजे रान कठीण लागले, की लिफ्ट अवजाराला थोडे वर घेते. ओढ कमी झाली की खाली सोडते. नांगरटीला हे उत्तम. इंजिन दबत नाही, चाक घसरत नाही, आणि नांगर एखादा इंच वरखाली झाला तर बिघडत नाही. पेरणीला मात्र हे नेमके उलटे पडते. ट्रॉलीच्या माग्यावर रान कठीण आहे, तिथे फणाला जास्त दाब हवा. ड्राफ्ट कंट्रोल तिथेच यंत्र वर उचलते. बी जिथे मुळातच वर राहणार होते तिथे ते आणखी वर येते.

पोझिशन कंट्रोल लिफ्टचे हात ट्रॅक्टरच्या मानाने एका उंचीवर धरून ठेवते. लिव्हर अर्ध्यावर ठेवून पेरले तर यंत्र हवेत टांगल्यासारखे राहते आणि त्याचे बरेचसे वजन ट्रॅक्टरवर येते. ट्रॅक्टरचे पुढचे चाक वरंब्यावर चढले की मागे फण खोल जातात, उतरले की वर येतात. म्हणून पेरताना पोझिशनचा लिव्हर पूर्ण खाली सोडावा, म्हणजे हात वरखाली मोकळे होतात आणि यंत्र आपल्या खोलीच्या चाकांवर स्वतंत्र चालते. खोली लिव्हरने नव्हे, त्या चाकांनी ठरवायची. ड्राफ्टचा लिव्हर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागी, ओढीला प्रतिसाद न देणाऱ्या स्थितीत ठेवायचा.

इथे एक तत्त्व पक्के करून घेऊ. खोली चाक ठरवते. दाबाचे काम ते चाक सतत जमिनीला टेकवून ठेवणे एवढेच. चाक टेकलेले आहे तोवर बी नेमक्या खोलीवर पडते. चाक उचलले गेले की खोली हातातून गेली.

स्प्रिंगचा दाब बदलतो, तेलाचा बदलत नाही

चाक टेकवून ठेवण्याचा जुना आणि स्वस्त उपाय स्प्रिंगचा. समजा एका ओळीवरची स्प्रिंग दर सेंटीमीटरला चार किलो जोर देते आणि आपण ती दहा सेंटीमीटर दाबून बसवली. सपाट जागी फणावर ४० किलो आले. आता फण पाच सेंटीमीटरच्या उंचवट्यावर चढला. स्प्रिंग आणखी दबली आणि जोर ६० किलो झाला. पुढे पाच सेंटीमीटरचा खळगा आला. स्प्रिंग सैल पडली आणि जोर २० किलोवर उतरला. चाकाच्या मागा हा तसा खळगाच असतो, आणि त्याची तळी शेतात सर्वांत कठीण असते. म्हणजे स्प्रिंग सर्वांत कमी दाब तिथे देते जिथे सर्वांत जास्त हवा असतो.

तेलाचा सिलिंडर असे करत नाही. सिलिंडरचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. दट्ट्या किती बाहेर आला याच्याशी त्याचा संबंध नाही. ५० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर भरते. त्याला दर चौरस सेंटीमीटरला २० किलो दाबाचे तेल दिले तर जोर ३९२ किलो होतो. फण उंचवट्यावर असो वा खळग्यात, तेलाचा दाब २० राहिला तर जोरही ३९२ च राहतो. अखंड समान दाबाच्या पेरणीयंत्राचा सगळा फायदा या एका गुणात आहे.

पण अट आहे. दट्ट्या बाहेर सरकला की सिलिंडरमध्ये ताबडतोब आणखी तेल आले पाहिजे, आणि आत ढकलला गेला की जास्तीच्या तेलाला ताबडतोब बाहेर जायला वाट मिळाली पाहिजे. काही जण सिलिंडरमध्ये तेल भरून व्हॉल्व्ह बंद करतात आणि दाब कायम राहील असे धरून चालतात. तसे होत नाही. कोंडलेले तेल दबत नाही, ताणतही नाही. फण खळग्यावर आला की दाब दाखवणारा काटा शून्याकडे जातो, आणि दगडावर चढला की सिलिंडर लोखंडी कांबीसारखा ताठ उभा राहतो. मग बोल्ट तुटतो किंवा फण वाकतो.

ट्रॅक्टरचे तेल फिरते की थांबते

तेल सतत तयार हवे, तर ट्रॅक्टरचा पंप ते कसा देतो हे पाहावे लागते. जगातल्या ट्रॅक्टरांचे यात दोन मोठे गट पडतात.

पहिल्या गटात गियर पंप असतो. इंजिन चालू आहे तोवर तो ठरावीक तेल ढकलत राहतो. काम नसेल तेव्हा ते तेल मोकळ्या वाटेने, जवळजवळ शून्य दाबाने टाकीत परतते. आपल्याकडच्या बहुतेक मध्यम ताकदीच्या ट्रॅक्टरांची रचना याच जातीची. दुसऱ्या गटात पंप आपली क्षमता स्वतः कमीजास्त करतो. वाहिनीत दाब कायम भरलेला असतो आणि मागणी असेल तेवढेच तेल वाहते. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६० मध्ये ४०१० सारख्या ट्रॅक्टरांत ही रचना आणली, आणि पुढे मोठ्या ट्रॅक्टरांत तिची सुधारित रूपे रूढ झाली.

मलकापूरकरांना हा फरक समजायला लांब जावे लागत नाही. इथल्या नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने कोयनेचे पाणी चोवीस तास, मीटरने द्यायला सुरुवात केली, आणि छोट्या गावाची ही योजना राज्याबाहेरही अभ्यासली गेली. चोवीस तासांच्या योजनेत वाहिनीत दाब कायम असतो, पण तोटी बंद असेल तर पाण्याचा थेंब खर्च होत नाही. दुसऱ्या गटातला ट्रॅक्टर असा आहे. गियर पंपाचा ट्रॅक्टर म्हणजे सतत वाहणारा पाट. त्यात दाब हवा असेल तर पाट अडवावा लागतो, आणि अडवलेले पाणी कुठून तरी बाहेर पडतेच.

ट्रॅक्टरमध्ये असे अडवलेले तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. समान दाबाच्या पेरणीयंत्राचे पाइप गियर पंपाच्या ट्रॅक्टरला जोडले आणि लिव्हर अडकवून सतत दाबावर ठेवला, तर सिलिंडर भरल्यावर तेलाला पुढे जायला जागा उरत नाही. दाब चढत चढत रिलीफ व्हॉल्व्हच्या मर्यादेला जातो, आणि सगळे तेल त्या बारीक फटीतून घासत टाकीत परतते. त्यातून कोणतेही काम होत नाही. सगळी शक्ती उष्णता होते.

ही उष्णता मोजता येते. बारमधला दाब (एक बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ एक किलो) गुणिले मिनिटाला वाहणारे लिटर, भागिले ६००, म्हणजे किलोवॉट. रिलीफ १५० बारला उघडत असेल आणि पंप मिनिटाला २४ लिटर देत असेल, तर ६ किलोवॉट, म्हणजे आठ अश्वशक्ती, नुसत्या तेल तापवण्यात जातात. तेल ३० लिटर धरले आणि बाहेर निघून जाणारी उष्णता सोडून दिली, तर तापमान मिनिटाला सुमारे सात अंशांनी चढते. तेल पातळ होते, पंपाची पकड सुटते, सील कडक होऊन गळू लागतात. बऱ्याच ट्रॅक्टरांत गियरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, त्यामुळे तापलेले तेल गियर आणि बेअरिंगांपर्यंत पोहोचते. पेरणीच्या दिवशी, वापसा दोन दिवसांचा असताना, ट्रॅक्टर तापून उभा राहण्याइतके नुकसान दुसरे नाही.

जुळवणीच्या तीन वाटा

ट्रॅक्टर दुसऱ्या गटातला असेल तर काम सोपे आहे. लिव्हर दाबावर अडकवायचा, तेलाच्या प्रवाहाची चकती असेल तर ती कमीत कमीवर आणायची, आणि पेरणीयंत्रावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून हवा तो आकडा धरायचा. या व्हॉल्व्हला दुहेरी काम करता आले पाहिजे: सिलिंडरचा दाब उतरला की तेल आत सोडणे, आणि फण दगडावर चढून दाब वाढला की तेल परत जाऊ देणे. दुसरे काम न करणारा साधा व्हॉल्व्ह बसवला तर कोंडलेल्या तेलाची अडचण पुन्हा येते.

ट्रॅक्टर गियर पंपाचा असेल तर सर्वांत भरवशाची वाट ॲक्युम्युलेटरची. ही एक जाड पोलादी कुपी असते. आत रबरी पिशवी, पिशवीत नायट्रोजन वायू, आणि बाहेरच्या बाजूने तेल. तेल दबत नाही पण वायू दबतो. तासाच्या सुरुवातीला लिव्हर ओढून सिलिंडर आणि कुपी ठरलेल्या दाबापर्यंत भरायची, मग लिव्हर मधल्या जागी आणायचा. एकमार्गी व्हॉल्व्ह तेल मागे येऊ देत नाही. फण खळग्यात उतरला की कुपीतला वायू पसरून तेल पुढे ढकलतो. फण वर चढला की तेल कुपीत परतते. पंपाचे तेल या काळात मोकळे फिरते आणि थंड राहते. कुपी सिलिंडरांच्या हालचालीच्या मानाने पुरेशी मोठी हवी. लहान असेल तर खळग्या-उंचवट्यावर काटा फार हलतो आणि स्प्रिंगचाच दोष परत येतो. तासाच्या शेवटी वळताना काट्याकडे नजर टाकावी. गळतीने दाब उतरला असेल तर लिव्हरला एक झटका पुरतो. कुपीत फक्त नायट्रोजनच भरायचा. हवा किंवा ऑक्सिजन भरला तर तेलाशी संपर्क येऊन स्फोट होऊ शकतो.

तिसरी वाट पेरणीयंत्रावर वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह बसवण्याची. ट्रॅक्टरचा रिलीफ १५० बारला उघडतो. यंत्रावरचा ४० बारला उघडेल असा लावला, तर तेल ४० बारवरच परत फिरते. मघाच्याच हिशेबाने २४ लिटरला ४० बार म्हणजे १.६ किलोवॉट. उष्णता चौथ्या हिश्शाच्या आसपास येते. परतीचे तेल मोठ्या व्यासाच्या पाइपने थेट टाकीत सोडले तर आणखी बरे. यंत्र छोटे असेल, सिलिंडर मोठ्या व्यासाचे आणि दाब कमी लागणारा असेल, तर ही वाट चालते. दिवसभर चालवायचे असेल तर तेल थंड करणारा कूलर लावावा लागतो.

तिन्हींत एक गोष्ट सामाईक आहे: काटा. दाब दाखवणारा काटा यंत्रावर, चालकाला दिसेल अशा जागी नसेल, तर समान दाबाचा दावा तपासताच येत नाही.

वजनापेक्षा जास्त दाब मिळत नाही

तेलात जोर कितीही असला तरी एक मर्यादा कोणत्याही पंपाने ओलांडता येत नाही. सिलिंडर फणाला खाली ढकलतो तेव्हा तेवढ्याच जोराने यंत्राची चौकट वर ढकलतो. नऊ ओळींना प्रत्येकी ६० किलो दाब द्यायचा तर चौकटीवर वरच्या दिशेने ५४० किलो येतात. यंत्र बियाण्या-खतासह ४०० किलोचे असेल तर चौकट वर उचलली जाईल, तिची चाके जमीन सोडतील, आणि बियाणे मोजणारी चकती त्याच चाकावर फिरत असेल तर बी पडणेच थांबेल. लिफ्टचे हात मोकळे असल्यामुळे ट्रॅक्टरचे वजन इथे मदतीला येत नाही. म्हणून कठीण रानात तेलाचा दाब वाढवण्याआधी चौकटीवर वजन वाढवावे लागते. जुन्या माणसांनी दिंडावर बांधलेल्या दगडाचे कारण हेच. परदेशातली तबकडीची यंत्रे काही टन वजनाची असतात तीही याचसाठी.

वजन वाढवले की लिफ्टची क्षमता पाहावी लागते. वजन जितके मागे तितकी उचलण्याची ताकद कमी आणि पुढची चाके हलकी होण्याचा धोका जास्त. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालांत लिफ्टची क्षमता, पंपाचे तेल आणि रिलीफ व्हॉल्व्हचा दाब दिलेला असतो. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यापेक्षा या अहवालातला आकडा धरून जुळवणी करावी.

आणि दाब अति झाला तर? ओल्या काळ्या रानात जास्त दाबाने काकरीच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळे त्या भिंती फोडू शकत नाहीत. खोलीची चाके ओळीच्या दोन्ही बाजूंची माती घट्ट करतात. म्हणून समान दाब याचा अर्थ वर्षभर एकच आकडा असा नाही. एका दिवशी, एका शेतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक आकडा. दुसऱ्या शेतात तो नव्याने ठरवायचा.

रानात करायची तपासणी

आपल्याकडे पेरणी बऱ्याचदा भाड्याने होते. ट्रॅक्टर एकाचा, पेरणीयंत्र दुसऱ्याचे किंवा गावच्या औजारे बँकेचे, शेत तिसऱ्याचे. अशा वेळी जुळवणीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. ती शेतकऱ्याने स्वतःकडे घ्यावी.

पहिले तास पन्नास-साठ फूट पेरून ट्रॅक्टर थांबवावा. माती हलकेच बाजूला करून दहा ठिकाणी बी शोधावे आणि पट्टीने खोली मोजावी. त्यांतली निम्मी ठिकाणे मुद्दाम चाकाच्या माग्यावर घ्यावीत. मोकळ्या रानात आणि माग्यावर खोली सारखी मिळाली तर दाब पुरेसा आहे. माग्यावर बी वर राहत असेल तर दाब किंवा वजन वाढवावे. मग इंजिन बंद करून खोलीचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते थोडे अडत फिरले तर ठीक. सहज गरगर फिरले तर दाब कमी आहे. हलतच नसेल आणि मातीत रुतले असेल तर जास्त. अर्ध्या तासाने तेलाच्या टाकीजवळ हात नेऊन पाहावे. हात धरवत नसेल तर तेल रिलीफवरून जात आहे, आणि पेरणी थांबवून जुळवणी बदलली पाहिजे.

पाइप जोडण्यापूर्वी जोड पुसून घ्यावेत, कारण एका ट्रॅक्टरचे मळके तेल दुसऱ्यात जाते. मोठ्या सिलिंडरांत लिटर-दोन लिटर तेल सहज बसते, म्हणून यंत्र जोडून सिलिंडर भरल्यावर ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी पुन्हा बघावी. पाइप काढण्यापूर्वी इंजिन बंद करून ॲक्युम्युलेटरसह सगळा दाब सोडावा. आणि पाइप गळतो का हे कधीही हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावे. सुईएवढ्या भोकातून निघालेले उच्च दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टिकलीएवढी दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. असे झाले तर दुखण्याची वाट न पाहता तासाभरात रुग्णालय गाठावे आणि तेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. त्यांच्या लोखंडी नांगराला आरंभी गिऱ्हाईक मिळत नव्हते, कारण लोखंडाने जमीन नासते असे लोक मानत. पुढे शेतकऱ्यांनी नांगर रानात चालवून पाहिला, आपल्या डोळ्यांनी परिणाम पाहिला आणि मग तो स्वीकारला. आज अडचण उलट आहे. नवे यंत्र आणि त्याच्या अनुदानाचा अर्ज सहज मिळतो, पण ते आपल्या ट्रॅक्टरला आणि आपल्या रानाला जुळते का हे पाहणे राहून जाते. तेव्हा पेरणीयंत्र घेण्यापूर्वी किंवा भाड्याने सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. याच्या फणावर दाब कशाने येतो, वजनाने, स्प्रिंगने की तेलाने? तेलाने येत असेल तर माझ्या ट्रॅक्टरचा पंप कोणत्या जातीचा आहे? आणि दाब दाखवणारा काटा कुठे आहे? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर ते यंत्र वापशाच्या दिवशी आपल्या रानात उतरवू नका.